पाऊण किलोमीटर खालचा कळप

ओल्या काळ्या रानातून चालत गेलं की चपलेला चिखल चिकटतो. पाच पावलांवर एक थर, दहा पावलांवर दुसरा, आणि बांधावर पोचेपर्यंत माणूस चार बोटं उंच झालेला असतो. चिखल गोळा करायला कुणी गेलेलं नसतं! आमच्या बोअरवरच्या किश्श्यांचं असंच झालं. आम्ही तीन वर्षं लिंबागणेशच्या पुढं एका माळावर जमिनीला भोक पाडत होतो, आणि हे सगळं आपोआप चिकटत गेलं.

आधी काय चाललं होतं ते सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी "थांब थांब, हे काय?" म्हणायला नको. मला कुणी थांब म्हटलं की राग येतो.

वैदेही मॅडम पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या. त्यांना बघायचं होतं की आपला काळा दगड संपून खाली ग्रॅनाइट लागतो, त्याच्या भेगांतल्या पाण्यात कुणी जिवंत आहे का. पाऊण किलोमीटर खोल. ऊन नाही, वारा नाही. तिथं गंधकावर जगणारे जंतू असतील असा त्यांचा अंदाज. मी त्यांचा फील्ड असिस्टंट, प्रल्हाद, मुक्काम केज, एम.एस्सी. जिओलॉजी. खाली कुणी निघालं तर काम पुढं चालणार होतं. नाही निघालं तर केजला थोरल्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात मी बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. आणि बसणं मला या जन्मात जमलेलं नाही! रिगभोवती मी इतक्या चकरा मारायचो की गवतात गोल वाट पडली होती.

"ह्याच्या पायाला भिंगरी हाय," हरीमामा म्हणायचे. हरीमामा आमचे ड्रिलर. तीस वर्षं बोअर पाडतायत. बोलायचं कमी आणि दगडाचा आवाज ऐकायचा जास्त, असा माणूस.

* * *

जमीन तात्यांची. तात्या दोनदा सरपंच, आता मुलगा सरपंच, म्हणजे तिसऱ्यांदाही तेच. मॅडमनी परवानगी मागितली तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले. अट एकच. तिसऱ्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला तिथं मुलाच्या मंगल कार्यालयाचं भूमिपूजन, आणि पार्किंग नेमकं बोअरवर येतंय. तोवर काय ते शोधा, मग भोक कायमचं बंद करून द्या.

तात्यांच्या मनात वेगळंच होतं. एवढं खोल बोअर म्हणजे गावाची टाकी वर्षभर उतू जाणार! पहिल्या दिवशी त्यांनी मांडव घातला, पाहुणे बोलावले, मॅडमना शाल-श्रीफळ दिलं. आमच्याकडं बोअरचं पाणी इंचात मोजतात. दीड इंच लागलं तरी माणूस पेढे वाटतो. तात्यांनी भर मांडवात विचारलं, "म्याडम, किती इंच धरून चालावं? दोन? अडीच?"

मॅडमना इंच काही कळले नाहीत. पण बाई प्रामाणिक. म्हणाल्या, "आम्हाला दोन लिटर पुरे."

"मिनटाला?"

"नाही. एकूण."

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"अडीच हजार फुटावरनं दोन लिटर? आवो, मंग मला फोन करायचा! केजच्या स्टँडवर थंडगार मिळतंय, झाकणासकट!"

* * *

हरीमामांचं शास्त्र दोन ओळींचं. पाणी लागलं, बोअर पास. पाण्याला वास आला, बोअर नापास.

दुसऱ्या वर्षी एके सकाळी, न्याहारीच्या सुमाराला, खालून आलेल्या पाण्याला वास आला. सडक्या अंड्याचा, अगदी नाकात घुसणारा. मामांनी मशीन बंद केली, टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि पोरांना म्हणाले, "रॉड काढा. बोअर नासलं. गाडी भरा."

मी तेव्हा आठव्या का नवव्या चकरेवर होतो. वास आला तसा मॅडमच्या तंबूकडं पळत सुटलो. मॅडम अनवाणीच धावत आल्या. काटे, कुसळं, काही बघितलं नाही. पाइपाशी वाकून त्यांनी तो वास असा ओढून घेतला की हरीमामांनी तोंड फिरवलं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता ते वासानं की आनंदानं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात तात्या आले. उपरण्यानं नाक दाबलेलं.

"म्याडम, खाली काय मेलंय काय?"

"नाही तात्या!" मॅडम ओरडल्या. "खाली कुणीतरी जिवंत आहे!"

तात्या दोन पावलं मागं सरले. त्या दिवसानंतर बोअरपाशी एकटे म्हणून कधी आले नाहीत. दरवेळी सोबत दोन कार्यकर्ते!

दुपारपर्यंत मॅडमचा उत्साह मात्र ओसरला. मला म्हणाल्या, "प्रल्हाद, असा वास नुसत्या दगडातूनही येऊ शकतो. वास म्हणजे पुरावा नाही." मी म्हटलं, मग पुरावा कशात असतो? म्हणाल्या, "वजनात. आणि तू आधी बस जरा, तुझ्याकडं बघून मला चक्कर येते."

* * *

वजनाचं हे प्रकरण गावाला समजावून सांगायचं ठरलं. कारण गावात बातमी पसरली होती की माळावर काहीतरी जिवंत सापडलंय आणि ते वर येणार आहे. लिंबाखाली बैठक भरली. मॅडमनी फळा मागवला.

"गंधक दोन प्रकारचं असतं," मॅडम म्हणाल्या. "एक हलकं, एक किंचित जड. दिसायला अगदी सारखं. पाण्यात विरघळलेलं गंधक जंतू वापरतात तेव्हा हलकं आधी उचलतात, कारण त्याला कष्ट कमी. जड मागं राहतं. म्हणून आपण उरलेलं गंधक मोजायचं. ते नेहमीपेक्षा जड निघालं, तर समजायचं की कुणीतरी हलकं वापरलंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. कळलं कुणालाच नव्हतं. तात्यांनी सगळ्यांत जोरात मान हलवली, म्हणजे त्यांना सगळ्यांत कमी कळलं होतं.

बैठकीच्या कडेला गोदामावशी उभ्या होत्या. वीस-बावीस शेळ्या, हातात पाला ओढायची आकडी, आणि तोंडाला कुणाचीच भीड नाही. माळावर त्यांच्या शेळ्या आमच्याही आधीपासून चरायच्या, त्यामुळं आम्हीच त्यांचे भाडेकरू, असं त्या धरून चालायच्या.

"म्हंजी शेळ्यावाणी," मावशी म्हणाल्या.

"काय?" मॅडम थांबल्या.

"शेळी बोरीला लागली की कवळा पाला आदी खाती. निबर काड्या मागं ठेवती. मी रानात गेले आन नुसत्या निबर काड्या दिसल्या, तर कळप न बगता सांगती, हितनं कुणाची तरी शेरडं चरून गेलीत."

मॅडमच्या हातातला खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला. "मावशी, मी हे इतकी वर्षं शिकवतेय. असं सांगता आलं नाही मला."

"थांबा की, झालं न्हाई माजं. लेंड्या कुठायत? कळप चरला म्हंजी लेंड्या पडणारच."

"तोच तो वास, मावशी. जंतूंनी वापरून टाकलेलं गंधक वास होऊन बाहेर पडतं. तेही मोजायचं. ते हलकं निघायला हवं."

मावशी तात्यांकडं वळल्या. "ऐकलं का तात्या? अडीच हजार फूट खाली जाऊन ह्या बाईनं लेंड्यांचा वास घेतला, आन आनंदानं रडली!"

त्या दिवसापासून आमच्याकडं गंधकाला गंधक कुणी म्हटलं नाही. पाला आणि लेंड्या. मी मॅडमच्या वहीत डोकावून बघितलंय, तिथंही तेच!

* * *

वरचं पाणी खालच्या पाण्यात मिसळलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून मॅडमनी ड्रिलिंगच्या पाण्यात एक हिरवा रंग घातला होता. नमुन्यात हिरवं दिसलं की समजायचं, हे पाणी वरचं, फेकून द्या. रंग असा की चिमूटभर टाकला तर टाकीभर पाणी उन्हात चमकायचं. अपाय काही नाही, असं मॅडमनी लिहून दिलं होतं. लिहून दिलं होतं तात्यांना. शेळ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

उन्हाळा, माळावर दुसरं पाणी नाही, आणि आमच्या खड्ड्यात ड्रिलिंगचं पाणी साठलेलं. मावशींच्या शेळ्या पोटभर प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तंबूत शिरल्या त्या एका शेळीचा कान धरूनच.

"म्याडम, कावून केलं तुमी आसं? माजी शेळी हिरवं मुतायलीय! एक न्हाई, सगळ्या! रस्त्यानं हिरवी वळ काढीत आल्या!"

मॅडम बाहेर आल्या. शेळीनंही वेळ साधली. उन्हात ते असं झगमगलं की हरीमामा हात जोडूनच उभे राहिले.

आता कुणीही शहाणा माणूस आधी माफी मागेल. मॅडमनी खिशातून काचेची नळी काढली आणि शेळीच्या मागं बसल्या. "प्रल्हाद, बघ! शेळीच्या पोटातून जाऊनसुद्धा रंग टिकला! म्हणजे नमुन्यात असेल तर आपल्याला दिसणारच. नक्की दिसणार!"

मावशींनी शेळी ओढून घेतली.

"ही माजी शेळी हाय, म्याडम. तुमची बाटली न्हाई!"

नंतर मॅडमनी खड्ड्याला तारेचं कुंपण करून घेतलं आणि शेळ्यांसाठी गोड्या पाण्याची टाकी ठेवली. माफीही मागितली, रीतसर. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या. पर एक फायदा झाला. काल एक शेळी चुकली व्हती, माग काढीत गेले तर बरुबर सापडली!"

* * *

आता मामांच्या नारळाचा किस्सा. हा सांगताना मला अजूनही आधी राग येतो आणि मग हसू.

बोअर पूर्ण झालं. हिरवं जाईपर्यंत पाणी उपसलं. आता तळाशी एक स्टीलची नळी सोडायची, तिनं खालीच तोंड उघडायचं, पाणी भरायचं, तोंड मिटून वर यायचं. आत जाणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. त्यासाठी आमच्याकडं एक भला मोठा कुकर होता. लग्नाच्या स्वयंपाकाला वापरतात तसला. नळ्या, झाकणं, चिमटे, सगळं कुकरमध्ये. "कुकरमधून निघालं नाही ते बोअरजवळ आणायचं नाही," हे मॅडमनी मामांकडून शंभरदा तरी वदवून घेतलं होतं.

इकडं मामांचा नेम. बोअर पुरं झालं की पाणी काढायच्या आधी नारळ. तीस वर्षांत एकही बोअर त्याशिवाय सोडलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मामा, नारळ नाही. नारळाचं पाणी आत गेलं तर वरचे जंतू आत जातील." मामा म्हणाले, "बरं." मामा बरं म्हणाले की मला धास्ती वाटायची.

नमुन्याच्या दिवशी मी सकाळी सहापासून चकरा मारत होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आठ वाजता स्वयंपाकाच्या तंबूतून शिट्टी झाली. एक. दोन. तीन. मला वाटलं, नळ्या शिजतायत. पाचवी शिट्टी झाली आणि मामा बाहेर आले. हातात फडकं, फडक्यात वाफाळता नारळ. सोबत लिंबू, तेही शिजून मऊ झालेलं. हळदी-कुंकवाची पुडीसुद्धा ओली गिच्च!

मी "मामा!" म्हणून ओरडेपर्यंत त्यांनी पाइपाच्या कडेवर नारळ आपटला. गरम पाण्याची चिळकांडी उडाली. बरीचशी माझ्या शर्टावर, आणि थोडी आत.

मॅडम धावत आल्या. मामांचा चेहरा काम फत्ते झाल्याचा.

"काळजी करू नका म्याडम. पाच शिट्ट्या दिल्यात. नारळात आता एक जंतू जिता न्हाई!"

मॅडम कपाळाला हात लावून दगडावर बसल्या. जंतू मेले हे खरं होतं. पण नारळातली साखर मेली नव्हती, आणि साखर म्हणजे खालच्यांना फुकटची पंगत. मॅडमनी ते समजावून सांगितलं तेव्हा मामांचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी एक बाटली भरली. तिच्यावर मॅडमनी लिहिलं, "नारळ." आणि बाकीचं काम तीन दिवस पुढं ढकललं. तीन दिवस पुन्हा उपसा.

मला वाईट वाटलं ते त्या तीन दिवसांत. पंप चालू होता, मी गोल फिरत होतो, आणि मामा भर उन्हात बोअरच्या तोंडाशी उभे होते. हातात त्यांची काळी छत्री. स्वतःच्या डोक्यावर नाही, बोअरच्या तोंडावर धरलेली! जेवायलासुद्धा तिथंच. मी म्हटलं, मामा, झाकण लावलंय की वर.

"असू दे," मामा म्हणाले. "आता वरनं एक पान पडू द्यायचं न्हाई मला."

तिसऱ्या दिवशी पाच बाटल्या भरल्या. हिरव्याचा टिपूससुद्धा नाही.

* * *

त्या पाच आणि नारळाची एक, अशा सहा बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून मी निघालो. बीडहून पुण्याची गाडी धरायची होती. आमची जीप नेमकी त्याच दिवशी बसली. मग काय, पेटी मांडीवर घेऊन वडापच्या जीपमध्ये घुसलो. आठ माणसांच्या जागेत चौदा. मांजरसुंब्याच्या घाटात टायर फुटला.

स्टेपनीत हवा नव्हती. ड्रायव्हर चाक घेऊन मागून आलेल्या टेम्पोत चढून गेला. दुपारचं ऊन, झाड नाही. तासाभरात सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. माझीही. मी जीपभोवती चकरा मारतोय, हातात पेटी, बर्फ वितळतोय, पाच बाटल्यांत माझी तीन वर्षं.

एक आजी नारायणगडाचं दर्शन घेऊन परत चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरा, त्या डब्यातनं पानी ठिबकतंय. घोटभर दे की."

आता सांगा! आपल्याकडं दारात वैरी आला तरी आधी पाणी देतात. मी म्हटलं, "आजी, हे पाणी देता येत न्हाई."

"कावून? पानीच हाय ना?"

"पानीच हाय. पर ते पुण्याला न्यायचंय."

सगळी माणसं माझ्याकडं वळली. एक मिशीवाला म्हणाला, "पुण्याला पानी कमी पडलंय का बे? बीडच्या म्हाताऱ्या माणसाचं काढून पुण्याला चाललास?" दुसऱ्यानं पेटीला हात घातला. मी पेटी छातीशी धरली आणि मला खरंच रडू फुटलं. लाज वाटली, राग आला, आणि आजींचे कोरडे ओठ बघवेनात. वितळलेला बर्फ होता, पण त्यात बाटल्या निर्जंतुक करायचं औषध सांडलेलं, तोही देता येईना.

शेवटी नारळाची बाटली काढली. झाकण जरा सैल केलं आणि आजींच्या नाकाखाली धरली.

आजींनी वास घेतला. पदर नाकाला लावला. मग माझ्याकडं अशा मायेनं बघितलं की माझं रडणं थांबलं.

"असलं नासकं पानी घेऊन फिरतूस व्हय रं? फेक ते. माज्या घरी चल, हंडाभर चांगलं पानी देते तुला!"

मिशीवाल्यानं मुकाट्यानं पेटी सावलीत सरकवून दिली. पुढं टेम्पो आला, पाणी आलं, चाक आलं. पहिला घोट आजींनी मला पाजला.

* * *

निकालाला वेळ लागतो. ते यंत्र एकच, रांग मोठी. मॅडम पुण्यात, आम्ही माळावर. अक्षय्य तृतीया जवळ येत चालली आणि फोन काही येईना. माझा जीव टांगणीला. भावानं दुकानात माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती, फिरती. म्हणाला, "तुला बरी पडेल." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

अक्षय्य तृतीयेची सकाळ उजाडली. तात्या नव्या धोतरात, दोन्ही कार्यकर्ते, गुरुजी, कुदळ, पेढ्यांचे खोके. मुहूर्त साडेदहाचा. ठरल्याप्रमाणं हरीमामांनी बोअरवर बसवायचं जाड स्टीलचं झाकण आणलं होतं. वेल्डिंग मशीन लावलेलं, जनरेटर घरघरतोय. झाकण जोडलं की वर काँक्रीट, आणि विषय संपला. गोदामावशी शेळ्या घेऊन कुंपणापाशी उभ्या होत्या, कशाला तर बघायला.

मी माझ्या गोल वाटेवर. दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. जनरेटरच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून स्पीकरच लावला.

"प्रल्हाद!" मॅडमचा आवाज फाटला होता. "निबर काड्या! पाचही बाटल्यांत नुसत्या निबर काड्या! मी एवढं जड कधी बघितलं नव्हतं! आणि लेंड्या हलक्या! अरे, आहेत ते! खाली आहेत!"

मी काय केलं ते मला आठवत नाही. मामा सांगतात, मी गुरुजींना उचललं. तात्यांनी मुहूर्ताच्या आधीच पेढ्यांचे खोके फोडले. "माज्या जमिनीत सापडले! माज्या!" असं ते कार्यकर्त्यांना सांगत होते. मामांनी फोनजवळ येऊन हळूच विचारलं, "म्याडम, नारळाच्या बाटलीत?" मॅडम म्हणाल्या, "त्यातही तेच, मामा. तुमच्या नारळानं कुणाचं काही बिघडलं नाही." मामांनी टॉवेलनं डोळे पुसले आणि मग जाऊन वेल्डिंगचा चष्मा घातला.

गोदामावशी तेवढ्या हसल्या नव्हत्या. हातातला पेढा त्यांनी शेळीलाही दिला नाही, स्वतःही खाल्ला नाही. फोनजवळ आल्या.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना मावशी! तुमच्याच शेळ्यांनी तर शिकवलं मला!"

"कवळा पाला संपलाय म्हणता. नुसत्या निबर काड्या राहिल्यात."

"हो! अगदी बरोबर!"

"लई दिसांपासनं हायत का ते तितं?"

"लाखो वर्षं असतील, मावशी."

"आन वरनं नवा पाला काई जात न्हाई?"

"नाही ना. म्हणून तर…" मॅडम बोलता बोलता थांबल्या.

मावशींनी एकदा आपल्या शेळ्यांकडं बघितलं. "दुष्काळाच्या साली माजा कळप निबर काड्यावर आलता, म्याडम. म्हून इचारते." मग फोनकडं वाकून, लहान लेकराची विचारपूस करावी तशा आवाजात म्हणाल्या, "मंग आता खात्यात काय ते?"

तात्यांनी विचारलं, "फोन गेला का?" फोन गेला नव्हता. स्क्रीनवर सेकंद पुढं सरकत होते.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. तात्यांनी गुरुजींकडं बघितलं, मग बोअरकडं, आणि हातातली कुदळ खाली ठेवली. मी गवतातल्या त्या वाटेवर मटकन बसलो.

हरीमामांनी चष्मा काढला. जनरेटर बंद केला. मग गाडीपर्यंत चालत गेले, छत्री घेऊन आले आणि बोअरच्या तोंडावर धरून उभे राहिले.